रँक्डमध्ये टीम म्हणून कसं खेळायचं? ट्रेड, कॉल, पैसा आणि बाकीचं सगळं

निळा_धूर

कॉम्पिटिटिव्ह शूटर, म्हणजे टीमने खेळायचे बंदुकांचे व्हिडिओ गेम, खेळणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. एम (नेम) कसा सुधारायचा, सेन्सिटिव्हिटी (माउसचा वेग) किती ठेवायची, यावर भरपूर लिहिलं-बोललं जातं. पाच जणांनी मिळून कसं खेळायचं हा विषय निघाला की मात्र ‘कम्युनिकेशन ठेवा’ एवढ्यावर गाडी थांबते. मग होतं काय, की पाचही जण माइकवर सतत बोलत असतात आणि तरी एकेक करून मरतात.

माझं म्हणणं असं आहे की टीमवर्क राउंड सुरू होण्याआधी ठरतं. अशा गेममध्ये एक टीम ए किंवा बी साइटवर (ठरलेल्या जागेवर) बॉम्ब लावायला बघते, दुसरी तिला अडवते. काउंटर-स्ट्राइक २ (सीएस २) मध्ये असा राउंड १ मिनिट ५५ सेकंदांचा असतो, व्हॅलोरंटमध्ये १ मिनिट ४० सेकंदांचा. त्यातली खरी चकमक काही सेकंदांत आटोपते. तेवढ्या वेळात कोणी कोणाला काही समजावून सांगू शकत नाही. जे आधी ठरलंय तेवढंच होतं.

आणि ठरवायची पहिली गोष्ट म्हणजे ट्रेड. आपला एक गडी मेला की त्याला मारणारा लगेच मेला पाहिजे. पाच विरुद्ध पाचचं चार विरुद्ध चार झालं तर काहीच बिघडत नाही, चार विरुद्ध पाच झालं तर राउंड निम्मा हातातून गेला. मारणारा त्या क्षणी सगळ्यात कच्चा असतो. त्याची जागा उघडी पडलेली असते, बंदूक मेलेल्याच्या दिशेला असते, रिकॉइल (बंदुकीचा झटका) अजून सावरलेला नसतो, मॅगझिन अर्धं रिकामं झालेलं असतं. दुसरा गडी त्याच क्षणी समोर आला तर सोपा किल मिळतो. तीन सेकंदांनी आला तर समोरचा पुन्हा कोपऱ्यात जाऊन तयार बसलेला असतो.

मिराज या मॅपवर ए साइट घ्यायची आहे असं धरा. सीटी, जंगल आणि स्टेअर्स या तिन्ही जागांवर स्मोक (धुराचे ग्रेनेड) पडले. दोघं पॅलेसमधून, दोघं रॅम्पवरून येणार. इथे बहुतेक टीम एवढंच ठरवतात आणि सुटतात. पॅलेसमधल्या दोघांपैकी पहिला कोण, हे ठरलेलंच नसतं. दोघंही दुसऱ्याची वाट बघत थांबतात, रॅम्पवाले दोघं एकटेच बाहेर पडतात आणि स्मोक विरायला लागल्यावर पॅलेसवाल्यांना जाग येते. त्याऐवजी आधी एवढं बोला: ‘मी पहिला, तू फ्लॅश टाकून लगेच मागे.’ फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड) नेहमी दुसऱ्याने टाकायचा. पहिल्याने स्वतःसाठी टाकला तर हातात बंदूक यायला वेळ जातो आणि त्या वेळात समोरच्याला दिसायला लागलेलं असतं.

अंतराचंही भान हवं. अगदी खेटून चाललात तर एकाच स्प्रेमध्ये (सलग गोळीबारात) दोघं जाता, फार मागे राहिलात तर ट्रेड मिळत नाही. पुढचा जिथे मरेल ती जागा तुम्हाला एका पावलात दिसली पाहिजे, मी तरी एवढंच माप धरतो.

तुमचे अनुभव लिहा. गेम कोणताही चालेल.

उजवी_कडा

लिहिलंय छान, पण हे पाच ओळखीचे लोक असतील तर. मी एकटा क्यू लावतो. चार अनोळखी, त्यातल्या दोघांचा माइक बंद, एक वेगळीच भाषा बोलतो. मी कोणाबरोबर काय ठरवू?

शेवटचा_गडी

@उजवी_कडा, मीही बहुतेक एकटाच क्यू लावतो, त्यामुळे लिहितो.

अनोळखी लोकांकडून ट्रेड मिळेल ही अपेक्षा सोडा आणि तुम्ही त्यांचा ट्रेड घ्या. प्रत्येक लॉबीत एक तरी जण असा असतो जो काहीही न बोलता सरळ आत धावतो. लोक त्याच्यावर चिडतात. मी त्याच्या मागे जातो. तो मरणारच असेल तर निदान फुकट मरणार नाही. त्याने एक मारला तर राउंड आपला, तो मेला तर मी मारणाऱ्याला गाठतो. दोन-तीन राउंड असं झालं की तोच माणूस थांबून माझी वाट बघायला लागतो. हे मी वेगवेगळ्या लोकांबरोबर इतक्यांदा पाहिलंय की आता मॅचच्या सुरुवातीला मी आधी असा माणूसच शोधतो.

दुसरं, अनोळखी माणसाला हुकूम सोडू नका. ‘बी जा’ म्हटलं की तो ए जातो. ‘मी बीचा स्मोक टाकू शकतो, येतोस का?’ म्हटलं की बहुतेक वेळा येतो. आधी तुम्ही काय करणार ते सांगायचं, मग त्याच्याकडे मागायचं.

माइक नसलेल्यांसाठी पिंग आहे. एपेक्स लेजंड्स २०१९ मध्ये आला तेव्हा त्याच्या पिंगचं सगळीकडे कौतुक झालं ते उगाच नाही. शत्रू दिसला, इकडे चला, इथे लूट आहे, हे सगळं एका बटणावर, आवाज न करता सांगता येतं. त्यात तीन अनोळखी लोक एक शब्दही न बोलता नीट खेळताना मी पाहिलेत.

रात्रपाळी

मुळात ‘कम्युनिकेशन’ म्हणजे काय यावरच लोकांचा घोळ आहे. कॉलमध्ये तीन गोष्टी हव्यात: कुठे, किती जण, काय झालं. ‘कनेक्टरमध्ये एक, ८४ लागले.’ (म्हणजे कनेक्टर या जागी एक शत्रू, त्याची १०० पैकी ८४ हेल्थ गेली.) संपलं. यापुढे गप्प बसायचं.

काय नको तेही सांगतो. ‘अरे तिकडे तिकडे’ नको, कारण तिकडे म्हणजे कुठे ते तुमच्या स्क्रीनवर दिसतं, माझ्या नाही. ‘एक गोळीचा आहे’ तर अजिबात नको, जोवर खरंच तसं नसेल. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. समोरचा अर्धमेला आहे असं ऐकून आपला गडी बेधडक बाहेर पडतो आणि समोरच्याची हेल्थ सत्तर निघते. चुकीचा कॉल न दिलेल्या कॉलपेक्षा वाईट. आकडा माहीत असेल तर आकडा द्या, नसेल तर ‘लागलंय, किती माहीत नाही’ म्हणा.

मेल्यावर एकदा सांगायचं, कोणी आणि कुठून मारलं. मग शेवटच्या गड्याला खेळू द्यायचं. त्याला पावलं ऐकायची असतात. ‘मागे बघ, मागे बघ’ असं चौघं एकदम ओरडले तर त्याला पावलंही ऐकू येत नाहीत आणि तुम्हीही. त्याने विचारलं तर सांगा. विचारलं नाही तर वेळ आणि बॉम्ब एवढंच बोला.

रेनबो सिक्स सीजमध्ये मेल्यावरही कॅमेरे आणि ड्रोन बघता येतात. तिथे मात्र मेलेल्या गड्याने गप्प बसून चालत नाही, तो टीमचा पहारेकरी होतो. तरीही कॉल तेवढाच तुटक हवा.

शब्द कमी असले तरी चालतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे २०२२ चा फेझ क्लॅन. अँटवर्पचा मेजर (काउंटर-स्ट्राइकची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकला तेव्हा त्यांचे पाच खेळाडू पाच देशांचे होते: कॅरिगन डेन्मार्कचा, रेन नॉर्वेचा, रॉप्झ एस्टोनियाचा, ब्रोकी लाटव्हियाचा, ट्विस्ट कॅनडाचा. अशी आंतरराष्ट्रीय टीम काउंटर-स्ट्राइकचा मेजर पहिल्यांदाच जिंकली. त्यांच्यातल्या चौघांची मातृभाषा इंग्रजी नव्हती.

हिशोबनीस

पैशाबद्दल कोणी बोललं नाही अजून, म्हणून मी लिहितो. टीमवर्क सगळ्यात जास्त इथेच मोडतं आणि लोकांना ते कळतही नाही.

सीएस २ मध्ये बंदुका घ्यायला सुरुवातीला गेममधले ८०० डॉलर. सगळे विरोधक मारून राउंड जिंकलात तर प्रत्येकी ३२५०. हरत गेलात तर मिळणारी रक्कम १४०० पासून ५००-५०० ने वाढत ३४०० पर्यंत जाते. एके-४७ आहे २७०० ला, कवच आणि हेल्मेट मिळून १०००. म्हणजे साधी रायफल राउंडसुद्धा ३७०० च्या खाली होत नाही आणि त्यावर स्मोक-फ्लॅशचे पैसे वेगळे.

आता असं समजा, दोघांकडे ४५०० आहेत आणि तिघांकडे २०००. त्या दोघांनी रायफल घेतली, तिघं पिस्तुलावर आले. हा राउंड बहुधा जातो, त्या दोन रायफली समोरच्यांच्या हातात पडतात, आणि पुढच्या राउंडला त्या दोघांकडे पैसे नसतात तर बाकी तिघांकडे असतात. म्हणजे एका वाईट राउंडचे दोन झाले. सगळ्यांनी एकत्र थांबायचं किंवा सगळ्यांनी एकत्र उतरायचं. यातलं कुठलं चांगलं यावर वाद घाला हवं तर, पण अर्धं-अर्धं करू नका.

व्हॅलोरंटमध्ये आकडे वेगळे आहेत (जिंकलात तर ३०००, हरलात तर १९००, मग २४००, मग २९००), गणित तेच. तिथे बाय फेजमध्ये (राउंडआधीच्या खरेदीच्या वेळात) एका बटणावर साथीदाराकडे बंदूक मागता येते. ते बटण वापरा. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने न मागताही द्यावी. चौथ्या-पाचव्या राउंडला कोणीतरी स्वतःहून बंदूक टाकली की टीमचा नूरच पालटतो, याचा अनुभव बऱ्याच जणांना असेल.

डिफ्यूज किटचंही तेच. ४०० डॉलर, आणि बॉम्ब काढायला १० ऐवजी ५ सेकंद. ‘दुसरा कोणी घेईल’ म्हणून पाचही जण सोडून देतात. सीटीकडून (बॉम्ब अडवणाऱ्या टीमकडून) खेळताना किमान दोन किट असल्याच पाहिजेत, आणि कोणाकडे आहेत हे सगळ्यांना माहीत हवं.

निळा_धूर

@हिशोबनीस, किटवरून रिटेक (बॉम्ब लागलेली साइट परत घेणं) आठवला. त्यातही हाच गोंधळ असतो.

बॉम्ब लागल्यावर ४० सेकंद मिळतात. लोकांना वाटतं की लगेच धावलं पाहिजे, म्हणून जो जवळ असतो तो एकटा आत जातो आणि मरतो, मग दुसरा एकटा, मग तिसरा. किट असेल तर डिफ्यूजला पाचच सेकंद लागतात. म्हणजे दहा-बारा सेकंद थांबून तिघं एका वेळी, दोन बाजूंनी आत शिरलात तरी वेळ उरतो. ‘थांब, मी पोचतोय’ एवढं म्हणणारा एक जण हवा आणि ते ऐकणारा दुसरा.

चौथी_खिडकी

मला एक पटत नाही. रोल, ट्रेड, इकॉनॉमी ही सगळी मोठ्या टीमांची चैन आहे. आमच्या रँकला ज्याचा एम चांगला तो जिंकतो. व्हॅलोरंटमध्ये पाच ड्युएलिस्ट (आत शिरून मारणारे) घेऊन जिंकलेल्या मॅच मी पाहिल्यात.

शेवटचा_गडी

@चौथी_खिडकी, मीही पाहिल्यात. पण त्या का जिंकल्या ते बघा. समोरच्या टीमचाही एकमेकांशी पत्ता नव्हता, म्हणून एम पुरला. समोर थोडी जरी बांधणी असली तरी पाच ड्युएलिस्टना आत शिरायला स्मोक नसतो, कोपऱ्यात कोण आहे ते सांगायला इनिशिएटर नसतो आणि मागून येणाऱ्याला अडवायला सेंटिनल नसतो. ओव्हरवॉचने २०१९ मध्ये रोल क्यू आणला, म्हणजे खेळायच्या आधीच रोल निवडायचा. लोकांवर सोडलं असतं तर सगळे डॅमेजच (मारणाऱ्याचा रोल) घेत राहिले असते.

एम लागतोच, ते कोणी नाकारत नाही. फक्त एम दररोज सारखा नसतो. हात चालत नसेल त्या दिवशी स्मोक वेळेवर टाकणारा माणूस टीमच्या कामाचा राहतो.

रात्रपाळी

यावर एक खरंच विचार करण्यासारखं उदाहरण आहे. स्टॉकहोमचा २०२१ चा मेजर नावी या टीमने एकही मॅप न हरता जिंकला, तेव्हा त्यांच्याकडे सिंपल हा स्टार खेळाडू होता आणि सगळं जग म्हणत होतं की तोच जिंकवतो. २०२४ ला कोपनहेगनमध्ये नावी पुन्हा मेजर जिंकली. या वेळी सिंपल खेळत नव्हता. कप्तान अलेक्सिब होता, आणि अंतिम सामन्यात त्यांनी फेझला २-१ ने हरवलं. पहिली टीम एम म्हणून बघा हवं तर, दुसरी तशी बघता येत नाही.

त्याआधीची अ‍ॅस्ट्रालिस घ्या. लंडन २०१८, काटोविट्झ २०१९, बर्लिन २०१९, सलग तीन मेजर. त्यांचे जुने डेमो (मॅचचं रेकॉर्डिंग) लावून फक्त ग्रेनेड बघा, बंदुका बघूच नका. कोणाचा फ्लॅश कोणासाठी पडतोय ते पाहत राहा. एकाने बाहेर डोकवायच्या आधी दुसऱ्याचा फ्लॅश हवेत असतो. माझ्यापुरतं सांगायचं तर फ्लॅश साथीदारासाठी टाकायचा असतो हे मला त्या डेमोंवरूनच कळलं.

सावली२

इथे सगळे ‘माइक वापरा’ म्हणताहेत म्हणून लिहिते. माझा माइक चांगला आहे, कॉलही मला नीट देता येतात. पण अनोळखी लॉबीत मी पहिलं वाक्य बोलले की पुढचे दोन राउंड कॉलऐवजी माझ्या आवाजावर बोलणं चालतं. कधी नुसता आचरटपणा, कधी शिवीगाळ. मी मारलं तर ‘कोणाच्या अकाउंटवरून खेळतेस’, मेले तर विचारूच नका. म्हणून ओळखीचे निदान दोघं असल्याशिवाय मी माइक लावत नाही, पिंग आणि चॅटवर भागवते. ए साइटवर मी एकटी असते तेव्हा समोरून चौघं आले हे मला लिहून सांगावं लागतं, तोवर मी मेलेली असते आणि बीवरचा माणूस तिथेच उभा असतो. यात नुकसान फक्त माझं होतं असं नाही.

मला बाकीच्यांकडून फार काही नको असतं. एकाने जरी ‘बास कर, खेळ’ म्हटलं तरी बहुतेक वेळा थांबतं. मी म्हटलं तर वाढतं. बाकी तिघं गप्प बसतात तेव्हा त्रास देणाऱ्याला वाटतं सगळे त्याच्याच बाजूचे आहेत.

उजवी_कडा

+१. हे मी लॉबीत ऐकलंय. यापुढे बोलेन.

निळा_धूर

@सावली२, लिहिलंत ते बरं केलंत, माझ्या मूळ पोस्टमध्ये हे असायला हवं होतं. एक वाक्य, मग लगेच म्यूट आणि रिपोर्ट. लांबलचक भांडण मॅचमध्ये नको, कारण त्याला तेच हवं असतं. आणि टीममधलं कोणी नुसतं पिंगवर खेळत असेल तर ‘माइक लाव ना’ म्हणून मागे लागू नका. त्याची किंवा तिची काही कारणं असतील. पिंग वाचायला शिका.

कोपऱ्यातला_एक

आमची पाच जणांची टीम आहे, अधूनमधून छोट्या स्पर्धा खेळतो. खेळ बरा होतो, पण एक राउंड वाईट गेला की सगळे एकमेकांवर घसरतात. मग सलग पाच-सहा राउंड जातात. यावर कोणाकडे काही उपाय?

हिशोबनीस

हे सगळ्यांचंच होतं, अगदी वरच्या पातळीवरही. २०१८ च्या बॉस्टन मेजरचा अंतिम सामना बघा. शेवटच्या मॅपवर, इन्फर्नोवर, फेझ १५-११ ने पुढे होते. तेव्हा १६ ला मॅप संपायचा, म्हणजे एक राउंड हवा होता. क्लाउड९ ने तिथून बरोबरी केली आणि दोन ओव्हरटाइमनंतर २२-१९ ने जिंकले. फेझचा कप्तान कॅरिगनच होता. वर रात्रपाळीने लिहिलेला २०२२ चा मेजर जिंकला तेव्हाही कप्तान तोच, आणि रेन दोन्ही टीममध्ये होता. एवढा मोठा पराभव पचवून ही माणसं पुन्हा उभी राहिली.

आमच्या टीममध्ये एक नियम आहे: दोन राउंडच्या मधल्या वेळात फक्त पुढच्या राउंडबद्दल बोलायचं. ‘तू तिथे का गेलास’ हा प्रश्न बंद. तो डेमो बघताना विचारायचा. फ्रीझ टाइम इतका थोडा असतो की मागचं उकरत बसलं तर पुढचं ठरवायला काही उरत नाही, आणि मग पुढचाही जातो. सलग राउंड जाण्याचं कारण मनःस्थिती तर असतेच, पण त्याहून जास्त हे असतं की कोणी काही ठरवलेलंच नसतं.

टाइमआउट घ्यायला लाजू नका. सलग तीन गेले की घ्यायचा, हे आधीच ठरवून टाका. म्हणजे त्या वेळी त्यावरून वाद नको.

रात्रपाळी

डेमोचा विषय निघालाच आहे तर, आख्खी मॅच बघू नका. कोणी बघत नाही, दहा मिनिटांनी सगळे फोन काढतात. फक्त मृत्यू बघा. आपला प्रत्येक गडी मेला त्याच्या पाच सेकंद आधी थांबवायचं आणि विचारायचं, याला ट्रेड करायला कोण जवळ होतं? कोणी होतं आणि ट्रेड झाला नाही, तर का? कोणीच नव्हतं, तर तो तिथे एकटा कसा पोचला? आमच्यात असं बघायला लागल्यावर भांडणं बरीच कमी झाली, कारण बहुतेक वेळा मरणाऱ्याच्या एमपेक्षा बाकीच्यांची जागा हेच कारण निघतं. स्कोअरबोर्डवर शेवटी असलेला माणूस दर वेळी पहिला आत जात होता, हेही तेव्हाच दिसतं.

कोपऱ्यातला_एक

टाइमआउटचं आधी ठरवायचं हे पटलं. अजून एक प्रश्न. आमच्यातल्या एकाचा एम खूपच कच्चा आहे. जुना मित्र आहे, काढायचा प्रश्नच नाही. त्याला कुठे ठेवू? सध्या आम्ही त्याला बचावात एका साइटवर एकटा ठेवतो, म्हणजे बाकीच्या चौघांना मोकळं खेळता येतं.

निळा_धूर

@कोपऱ्यातला_एक, एकटा अजिबात ठेवू नका. एकट्या माणसाला दोघा-तिघांना सामोरं जावं लागतं, ते काम सगळ्यात पक्का एम असलेल्याचं. त्याला कायम कोणाबरोबर तरी जोडीने ठेवा. हल्ल्यात तो दुसरा: पहिल्यासाठी फ्लॅश टाकायचा आणि लगेच मागे जायचं. त्याला सोपे किल मिळतील, कारण समोरच्याचं लक्ष पहिल्याकडे असेल. बॉम्बही त्याच्याकडेच द्या, म्हणजे तो लावताना उरलेल्या चार बंदुका मोकळ्या.

आणि एका मॅपचे तीन-चार स्मोक त्याच्या हातात पक्के बसू द्या. टीममध्ये ते फक्त त्यालाच येत असतील तर आणखी उत्तम. कोणता मॅप जास्त खेळता?

कोपऱ्यातला_एक

इन्फर्नो.

निळा_धूर

मग सुरुवात बीपासून करा. बनाना (बीकडे जाणारी वाट) ताब्यात आल्यावर दोन स्मोक लागतात, एक सीटीला आणि एक कॉफिन्सला. दोन्ही त्याने बनानामधूनच टाकायचे, रिकाम्या सर्व्हरवर त्याला सराव करू द्या. न्यू बॉक्सचा मोलोटोव्ह (आगीचा ग्रेनेड) दुसऱ्या कोणीतरी. दुसरा स्मोक हातातून सुटला की त्याने ‘गेला’ म्हणायचं आणि तो शब्द ऐकूनच पहिला गडी निघेल, त्याआधी नाही.